वर मराठी, खाली इंग्रजी

“हा कुणी उद्योग केलाय?” मी दुकानातूनच ओरडले. “अक्का! जरा इकडं ये बघू!”

माझ्या तळहातावर करंगळीएवढी एक चिप होती. पाय सगळे शाबूत, पण पाठीवर कुंकवाचा हा एवढा थर! वाळून, काळपट लाल होऊन, टेंगूळ यावं तसा वर आलेला. मी तेव्हा नाशिकला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. एखाद्या पोरानं चिपला नुसती घामट बोटं लावली तरी मी त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. आणि इथं माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात हे!

अक्का मागच्या दारानं आली. एका हातात झेंडूची अर्धवट माळ, दुसऱ्या हातात सुई.

“मीच केलाय,” ती म्हणाली. “दर दसऱ्याला करते. तुला काय त्रास झाला?”

“अगं, ही काय वरवंटा आहे का कुंकू लावायला?”

“वरवंट्याला लावते, मामंजींच्या घणाला लावते, ह्यांच्या पक्कडीला लावते. मग हिनंच माझं काय घोडं मारलंय?”

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले दाजी खो खो हसले.

“भांडा, भांडा,” म्हणाले. “दुकानाचा शेवटचा दसरा आहे. एकही रेडिओ वाजत नाही, तुम्ही तरी वाजा.”

कराडच्या शनिवार पेठेतलं ते दुकान. विश्वनाथ लोहार, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती. दाजींचे वडील ऐरणीवर विळे-कोयते घडवायचे. मुलानं घण ठेवला आणि सोल्डरिंगची कांडी धरली. लग्नाआधी मी अक्काकडे राहून कॉलेज केलं, पण खरी शिकले ती ह्या दुकानात. दाजींचा पहिला धडा एकच होता, आणि कुठल्याही यंत्राचं झाकण काढण्याआधी तो ते माझ्याकडून मोठ्यानं म्हणून घ्यायचे, “आधी बंद, मग हात.” म्हटलं नाही तर पक्कड मिळायची नाही. पुढं मी वर्गात पोरांकडून हेच म्हणून घेत आले.

आता दाजींना बारीक काही दिसेना झालं होतं. हात कापायचे. आणि दुरुस्तीला टीव्ही आणतंय तरी कोण? दुकान विकलं होतं. दसऱ्याची पूजा इथं करायची आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्या द्यायच्या, असं ठरलं होतं. आवराआवरीला मी आले होते. माळ्यावरच्या अडगळीत मला तो सापडला.

तो म्हणजे ‘मराठी कॉम्प्युटर’.

काळा, शाळेच्या पाटीएवढा, रबरी बटणांचा. कुणा डॉक्टरानं विलायतेहून आणलेला आणि बिघडल्यावर दाजींच्या गळ्यात मारलेला. टीव्हीला जोडायचा, की पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटायची. गावात कॉम्प्युटर बघितलेला माणूस औषधालासुद्धा सापडत नव्हता, त्या काळात दाजींनी तो दुरुस्त केला, आणि मग त्यांच्या डोक्यात किडा शिरला. ह्याला मराठी का येऊ नये? यंत्राची सगळी अक्कल आतल्या एका चिपमध्ये होती, अक्षरांचे आकारसुद्धा तिच्यातच. दाजींनी तिच्यातलं सगळं उतरवून घेतलं, इंग्रजी अक्षरं काढून तिथं मराठी बसवली आणि पुण्याच्या एका मित्राकडून ते सगळं एका दुसऱ्या चिपमध्ये भरून आणलं. कित्येक महिने हाच ध्यास. मग व्यापारी मंडळाच्या प्रदर्शनात, अख्ख्या पेठेच्या समोर, त्यांनी जुनी चिप काढून नवी खोचली आणि यंत्र चालू केलं.

पडद्यावर काळे-पांढरे पट्टे आले. बाकी काही नाही.

मी तेव्हा नाशिकला होते, कडेवर तान्ही लेक. पण समोरच्या दुकानाचे भगवानराव थोरात भर मांडवात जे बोलले ते माझ्यापर्यंतसुद्धा पोचलं होतं. “विसू, चिप कोरीच आणलीस की रे!” झालं! तेव्हापासून पेठेत काहीही बंद पडलं की त्याचं नाव मराठी कॉम्प्युटर. चालू न होणारी स्कूटर, न उघडणारी छत्री, ऐन मुहूर्ताला पळून गेलेला नवरदेव, सगळे मराठी कॉम्प्युटर. दाजीही हसायचे त्यात. पण यंत्र माळ्यावर गेलं ते गेलंच, नवी चिप, म्हणजे हीच, तेवढी दुकानाच्या काचेच्या कपाटात राहिली, आणि पुन्हा कधी त्यांनी आपल्या मनानं काही नवं केलं नाही. लोकांचे टीव्ही दुरुस्त करत राहिले.

“दाजी,” मी म्हटलं, “किल्ल्या देण्याआधी एकदा बघायचं का, हिच्यात काही आहे की नाही?”

“काय बघणार? कोरी आहे ती.”

“तुम्ही नंतर तपासली होती?”

“नाही.”

“का?”

दाजी खिडकीबाहेर बघायला लागले. अक्कानं माळेत डोकं घातलं. दोघांच्या मध्ये काहीतरी होतं, ते मला कळत नव्हतं, आणि कळत नसलं की मला चैन पडत नाही. उद्या सकाळी भंगारवाला येणार होता. आज झालं तर झालं.

मी स्पिरिटची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि कुंकू पुसायला घेतलं. बोळा टेकणार, एवढ्यात माझा हात थांबला. ह्या जातीच्या चिपच्या पाठीवर काचेची एक गोल खिडकी असते. तिच्यातून ऊन आत गेलं की आत भरलेलं हळूहळू पुसलं जातं. म्हणून तिच्यावर काळी पट्टी चिकटवायची असते. मला पट्टी कुठंच दिसत नव्हती.

“दाजी, हिला पट्टी लावली होती ना?”

“लावली होती की.”

“ती गळून पडून जमाना झाला,” अक्का म्हणाली. “कपाटात दुपारभर ऊन असतं. डिंक राहतोय होय?”

दुकान पश्चिमेला तोंड करून. काचेच्या कपाटात, थेट उन्हात, इतकी वर्षं!

“मग काय,” दाजी शांतपणे म्हणाले, “तेव्हा कोरी नसली तरी आता कोरीच.”

मी चिपकडे बघत राहिले. मग अक्काकडे.

“अक्का, तू कुंकू नेमकं कुठं लावायचीस?”

“कुठं म्हणजे? त्या डोळ्यावर. तिला कपाळ कुठाय? एक तेवढा डोळा चकचकत होता, म्हटलं इथंच लावावं. पण मेलं ठरायचंच नाही, काचेवरनं घसरायचं. मग आधी मेण आणि वर कुंकू. मी लावते तसं.” तिनं आपल्या कपाळाला बोट लावून दाखवलं. टिकलीच्या जमान्यातही ती मेणावरचंच कुंकू लावायची.

“आणि दरवर्षी आधीचं पुसून नवं?”

“काय बोलतीस कुंदे!” अक्का खरंच चिडली. “सणाच्या दिवशी! कुंकू पुसतात होय गं? त्याच्यावरच नवं.”

मी बोळा फेकून दिला आणि अक्काला मिठी मारली. तिची माळ तुटली, झेंडू दुकानभर झाले.

“अगं, वेड लागलं का काय हिला!”

“अक्का, मेण आणि कुंकवाचे थरावर थर! उन्हाची काय बिशाद आत जायची? दाजी, हिनं झाकून ठेवलीय चिप! आत काही होतं, तर ते आहे अजून!”

दाजी खुर्चीतून उठले. मी त्यांना इतक्या पटकन उठताना बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

टेबल आवरलं, दिवा ओढला, “आधी बंद, मग हात” मोठ्यानं म्हटलं आणि यंत्र उघडलं. पुन्हा जुनी चिप काढून नवी खोचायची, हे मला मान्य नव्हतं. जुनी आहे तिथंच राहू दे. नवी तिच्या पाठुंगळीला बसवायची, पायावर पाय ठेवून. फक्त ज्या पायानं चिप जागी होते तो दोघींचाही बाहेर वाकवायचा आणि एका खटक्याला जोडायचा. खटका एकीकडं, तर ही बोलेल. दुसरीकडं, तर ती.

“दोघी एकदम बोलल्या तर?” दाजींनी विचारलं. ते मला तपासत होते.

“गोंधळ. म्हणून एकीलाच बोलू द्यायचं.”

“ते तुम्हा बहिणींना शिकवायला पाहिजे होतं,” दाजी म्हणाले, आणि टेबलाचा खण उघडून त्यांनी चाचपत काहीतरी बाहेर काढलं. कागदी पुडीत गुंडाळलेला खटका. कोरा करकरीत, न वापरलेला. “हा तेव्हाच आणला होता मी. चिप चालली असती तर बसवणार होतो. वर मराठी, खाली इंग्रजी.”

एकेक पाय जोडत गेले. शेवटी पहिल्या पायाशी आले आणि थबकले. बोर्ड उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

“दाजी, प्रदर्शनात तुम्ही नवी चिप जशीच्या तशी खोचली होती?”

“मग? पायाला पाय, भोकाला भोक.”

“ह्या पायाला वीज दिली नव्हती?”

“जुनीला लागत नाही तिथं काही.”

“जुनीला लागत नाही. हिला लागते. ह्या पायाला पाच व्होल्ट मिळाल्याशिवाय ही धड वाचताच येत नाही. आणि बोर्डावर त्या जागी वीजच नाही, दाजी. काही येत नाही तिथं!”

दाजी बोर्डावर वाकले. त्यांना दिसत नव्हतं, पण बोटानं त्यांनी ती जागा शोधली आणि तिच्यावरून बोट फिरवत राहिले.

“एवढंच?” ते म्हणाले.

“एवढंच.”

“एक तार?”

“बोटभर.”

ते हसले की रडले, मला सांगता येणार नाही. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मी तार जोडली.

तेवढ्यात भगवानराव आले. समोर त्यांचं आता मोबाइलचं मोठं दुकान होतं, पण दिवसातून एकदा विसूला छळल्याशिवाय त्यांचं जेवण पचायचं नाही. उंबऱ्यातच उभे राहून त्यांनी टेबलाकडे बघितलं.

“आयला! हा अजून आहे? मराठी कॉम्प्युटर?”

“संध्याकाळी सोनं द्यायला या भगवानराव,” मी म्हटलं. “चालू करून दाखवणार आहे.”

“ताई, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या, तुम्ही तरी ह्याच्या नादाला लागू नका.” मग दाजींकडे वळून, “विसू, हा चालला ना, तर तुझ्या दारापासून प्रीतिसंगमापर्यंत हलगी लावून मिरवणूक काढतो तुझी. आणि हलगी दुसरा कुणी नाही, मी वाजवणार.”

“आणि नाही चालला तर?” मी विचारलं.

“तर काय, नाव आहेच की त्याचं!”

एरवी दाजी हसले असते. आज हसले नाहीत. भगवानराव गेल्यावर त्यांनी अक्काला हाक मारली.

“मालन, संध्याकाळी ती इरकल नेस.”

“कुठली?”

“प्रदर्शनाला नेसली होतीस ती.”

अक्काचा चेहरा पडला. “मी काय करू दुकानात येऊन? मला काय कळतंय त्यातलं? माझ्या पुरणपोळ्या राहिल्यात.” आणि ती आत निघून गेली.

मी मागोमाग गेले. ती चुलीपुढं नुसती उभी होती, पुरण तसंच.

“काय झालंय तुला? नवऱ्याचं इतक्या वर्षांचं काम आहे, बघायला नको?”

“तू बघ. मला नको सांगू.”

मग विषय बदलायचा म्हणून मी माळेकडं बोट दाखवलं. “सुई चालते की गं अजून तुझी. दसुती का सोडलीस?”

अक्काचं दसुतीवरचं भरतकाम म्हणजे पेठेत नाव होतं. चौकड्याच्या कापडावर फुलीचा टाका, एकही घर इकडचं तिकडं नाही. माझ्या लेकीच्या बारशाला तिनं सगळी मुळाक्षरं भरलेला रुमाल पाठवला होता. प्रत्येक अक्षर आपापल्या छोट्या चौकटीत नीट बसवलेलं. लेक त्याच्यावरच अ आ शिकली. त्यानंतर अक्कानं दसुतीला हात लावला नाही. डोळे दुखतात म्हणायची.

“झेंडूला डोळे लागत नाहीत,” ती म्हणाली आणि पुरणाला लागली.

संध्याकाळी पेठ सोनं लुटून परतायला लागली. शेवटचा दसरा म्हणून झाडून सगळे लोहारांच्या दुकानात येत होते. आपट्याची पानं दाजींच्या हातावर ठेवायचे, पाया पडायचे आणि टेबलावरचं यंत्र बघून घुटमळायचे. बातमी भगवानरावांनी पसरवलीच होती. बघता बघता दुकान भरलं, पायऱ्या भरल्या. कपाटावरचा शेवटचा डबा-टीव्ही मी टेबलावर घेतला, तार जोडली, चॅनेल लावला. घण, पक्कड, कांडी सगळ्यांची पूजा झालेली. यंत्राच्या उघड्या पोटात चिप दिसत होती, डोक्यावर अक्काचं जुनं कुंकू आणि त्याच्यावर सकाळी लावलेलं नवं. हळद-कुंकू मी लावू दिलं होतं, आता मी कोण नाही म्हणणार?

खटका खाली केला. चालू केलं. पडदा पांढरा झाला आणि तळाशी इंग्रजी ओळ आली.

“हं, हे तर तेव्हाही येत होतं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“थांबा की जरा!” मी म्हणाले आणि खटका वर ढकलला.

पट्टे. काळे-पांढरे पट्टे, वरपासून खालपर्यंत.

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरा. पायऱ्यांवरून आवाज आला, “मराठी कॉम्प्युटर!” तार नीट होती, सोल्डर नीट होतं. म्हणजे आतच काही नव्हतं? मी दाजींकडे बघायचं टाळलं. भगवानराव मात्र हसले नव्हते. ते पुढं आले आणि दाजींच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “जाऊ दे विसू. सणाचा दिवस आहे.”

“बंद करा ते,” मागच्या दारातून आवाज आला.

अक्का उभी होती. इरकल नेसली होती, पण दाराची चौकट सोडत नव्हती.

“बंद करा. ह्यांना हसू नका. ह्यांचं काही चुकलं नव्हतं. माझंच चुकलं होतं.”

पायऱ्यांवरची माणसं आत डोकावायला लागली.

“तुझं काय चुकलं?” दाजी म्हणाले.

“अक्षरं मी भरून दिली होती ना? तुम्ही म्हणालात, चौकटीत बसव, एक घर चुकलं तर सगळं बिघडंल. माझाच कुठंतरी टाका चुकला असणार. म्हणून तर बंद पडलं. अख्ख्या पेठेनं तुम्हाला कोरी चिप म्हटलं, ते माझ्यामुळं.” तिनं पदर तोंडाला लावला. “मी तेव्हापासून दसुतीला हात लावला नाही.”

मला एकदम तो बारशाचा रुमाल आठवला. प्रत्येक अक्षर आपल्या छोट्या चौकटीत, एक फुली म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. तो नमुना काही माझ्या लेकीसाठी काढलेला नव्हताच. दाजींच्या यंत्रासाठी भरलेल्या अक्षरांची ती दुसरी प्रत होती.

“मालन,” दाजी म्हणाले, “अगं, टाका चुकला तर अक्षर वाकडं येईल. त्यानं यंत्र बंद पडतंय होय?”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तू कधी विचारलं नाहीस.”

“तुम्ही यंत्राचं नावच काढत नव्हता. मी कशी विचारू?”

दाजींनी माझ्याकडं अशी काही मान वळवली, की मी पुन्हा कॉलेजातली पोर झाले.

“मास्तरीणबाई! पहिला धडा काय?”

“आधी बंद…” मी म्हणाले, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “अगं बाई!”

चालू यंत्राचा मी खटका फिरवला होता! एका चिपचं वाक्य अर्ध्यात तोडून दुसरीला म्हटलं होतं, पुढचं तू बोल. पट्टे येतील नाही तर काय येईल? पोरांकडून रोज म्हणून घेणारी मी, गर्दी बघून नेमकी तिथंच घसरले.

“सगळे जरा गप्प बसा,” दाजी म्हणाले. ते स्वतः टेबलाशी आले. कापऱ्या हातानं त्यांनी यंत्राची वीज काढली. थोडं थांबले. बोटानं खटका वर आहे ना ते चाचपलं. “मालन, इकडं ये.”

“मी बघते की इथनं.”

“इथं ये म्हणतो ना. तेव्हाही तुला पहिल्या रांगेत बसवलं होतं, ते कशासाठी?”

लोकांनी वाट दिली. अक्का टेबलाशी आली. दाजींनी तिला आपल्या दुरुस्तीच्या स्टुलावर बसवलं, ज्याच्यावर त्यांनी कधी कुणाला बसू दिलं नव्हतं. मग वीज जोडली.

पडदा काळा झाला. मग पांढरा. नुसता पांढरा, काही क्षण.

आणि तळाशी, जिथं मघाशी इंग्रजी ओळ आली होती तिथं, काळ्याभोर, ठसठशीत, एकाच शिरोरेघेखाली ओळीनं उभी राहिलेली अक्षरं आली.

मालनचा टाका

म, काना, ल, न. तोच पोटात दोन वळणं घेणारा ल, जो बोट ठेवून माझी लेक गिरवायची. कोपरा न् कोपरा फुलीच्या टाक्याचा. इतक्या वर्षांच्या उन्हातून एक ठिपका पुसला गेला नव्हता.

“माझं नाव आहे,” अक्का म्हणाली.

“मग कुणाचं असणार?” दाजी म्हणाले. “सगळी अक्षरं तुझी. तेव्हाच घातलं होतं, यंत्र चालू झालं की पहिलं तेच दिसावं म्हणून. पेठेला दाखवणार होतो. तुला दाखवणार होतो. नाही आलं. चिप कोरीच आहे म्हटल्यावर तुला काय सांगू, त्यात तुझं नाव होतं म्हणून?”

अक्का पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचं नाक काचेला लागायला आलं. बोट ठेवून ती घरं मोजत होती. च पूर्ण बघितला. ट बघितला. क वर जरा थांबली, पुन्हा मोजलं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. मग मागं वळून सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात, “एकसुद्धा टाका चुकलेला नाही माझा!”

असा काही कल्ला झाला म्हणता! टाळ्या, शिट्ट्या, पायऱ्यांवरची माणसं आत घुसायला लागली. आपट्याची पानं हवेत उडाली. कुणी दाजींना उचलायला बघत होतं, कुणी माझ्या हातात पेढा कोंबला. मी चक्क रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. भगवानराव मात्र दिसेनात. मला वाटलं, सटकले. तर थोड्या वेळानं रस्त्यावरून कडकड आवाज आला. गळ्यात हलगी अडकवून हा बाबा दारात हजर, मागं दोन खरे हलगीवाले.

“चल विसू!” ते ओरडले. “बोललो ते बोललो. संगमापर्यंत. कोरी चिप म्हटलं ते हे माझं थोबाड, आज सगळ्यांत पुढं चालणार!”

“माझी कसली काढतोस?” दाजी म्हणाले. “नाव कुणाचं आलंय ते बघ.”

भगवानरावांनी पडद्यावरचं नाव वाचलं. हलगीवरचा हात कपाळाला लावला.

“वहिनी, चला मग. तुमची मिरवणूक.”

पण अक्काचं लक्षच नव्हतं. ती स्टुलावर तशीच बसली होती, इरकलीचा पदर खोचून, यंत्र समोर ओढून घेऊन.

“कुंदे, वीज कुठनं काढायची?”

मी दाखवलं. ह्या दुकानात ती रोज येत होती, झाडत होती, पूजा करत होती. पण एकाही यंत्राचं बटण तिनं आजवर दाबलं नव्हतं.

“आधी बंद,” ती स्वतःशी पुटपुटली आणि वीज काढली. “मग हात.” खटका खाली. वीज जोडली. इंग्रजी ओळ आली. ती तिनं तोंड वाकडं करून बघितली. मग पुन्हा बंद. पुन्हा हात. खटका वर.

मालनचा टाका

“भाऊजी, जरा थांबा की,” बाहेर वाजायला लागलेल्या हलगीकडं न बघता ती म्हणाली. “अजून एकदा.”